रंगाखालचा बोल्ट

नाशिक रोडला पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडांची एक ओळ होती. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, सीटची कव्हरं शिवणारा, गाड्या आणि पाट्या रंगवणारा कोंडाजी, आणि सगळ्यांत शेवटी जयराम मिस्त्री. जयराम गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. शेजारी पेंटर असूनही त्याच्या शेडवर पाटी नव्हती. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "दिवे गेले की लोक आपोआप मला हुडकत येतात, पाटी कशाला?" त्या काळी हे बोलणं त्याला शोभत होतं. दुपारी त्याच्या दारात जीप, टेम्पो, ट्रॅक्टर उभे असायचे आणि बाकीचे शेडवाले मनातल्या मनात त्याच्यावर जळायचे.

उमेदवारीत त्याने देवळालीकडच्या एका वर्कशॉपात मदतनीस म्हणून हातातोंडाची गाठ घातली होती. तिथे त्याला एक गोष्ट शिकायला मिळाली, जी नाशकात फारशा कुणाला येत नव्हती. ती म्हणजे विजेचा ब्रेक. महायुद्धाच्या काळातले लष्कराचे काही जुने ट्रेलर होते, त्यांच्या चाकांत लोहचुंबक बसवलेले. जीप चालवणाऱ्याने स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला की बॅटरीचा करंट ट्रेलरच्या चाकांत जायचा, चुंबक ड्रमला चिकटायचं आणि मागचा ट्रेलर स्वतःच स्वतःला आवरायचा. करंट जायला एक तार आणि परत यायला ट्रेलरचं लोखंडी अंग. एका तारेने ट्रेलरचं अंग जीपला जोडलेलं असायचं, त्या तारेच्या टोकाला तांब्याची पट्टी आणि पट्टी ट्रेलरच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बोल्टने आवळलेली. परतीची वाट अडली की पुढचं सगळं फुकट. जयराम हे इतक्या वेळा सांगायचा, की त्याची बायको चांगुणा चुलीपाशी बसून हसायची. "परतीची वाट मोकळी ठेवा म्हणे. तुम्हीच रोज उशिरा येता."

देवळा गावच्या कांदा-बागाईतदार चिमाजीआण्णांनी असाच एक ट्रेलर लिलावात उचलला तेव्हा तो जयरामच्याच दारात आला. पार गंजलेला, तारा उंदरांनी कुरतडलेल्या. जयरामने तो उघडून नव्याने वायरिंग केलं, चुंबकं साफ केली, बोल्ट आवळले. पहिल्यांदा दांडा ओढून चाक जागच्या जागी थांबलं तेव्हा आण्णांचा ड्रायव्हर गोरक्ष लहान पोरासारखा ओरडला होता. गोरक्ष उंच, हसतमुख, जीपला हात लावण्याआधी पानाची पिंक टाकून तोंड पुसणारा माणूस. कांदा घेऊन नाशकाकडे आला की जयरामकडे चहा घेतल्याशिवाय परत जायचा नाही. चांगुणाच्या हातचा चहा त्याने कधी बाहेर उभं राहून घेतला नाही, आत येऊन पाटावर बसून घेतला. त्या दिवसांत गावाकडच्या माणसाने हे करावं, ही साधी गोष्ट नव्हती. जयरामने ती मनात जपून ठेवली होती.

आणीबाणी उठली त्या सालचा दसरा आला. आण्णांची हौस दांडगी. ट्रेलर नवा करकरीत दिसला पाहिजे म्हणून त्यांनी तो आधीच कोंडाजीकडे आणून टाकला होता. आण्णांचा हुकूम असा, की वरवर ब्रश फिरवायचा नाही. सगळं उघडायचं, एकेक तुकडा घासायचा, आतून-बाहेरून ऑइलपेंट लावायचा आणि मग जोडायचं. दसऱ्याची गाडी म्हणजे दसऱ्याची गाडी. कोंडाजीने तसंच केलं. बाजूचे फाळके निळे, कडा पिवळ्या, मागे कमळ. दसऱ्याच्या सकाळी कोंडाजीच्याच दारात नारळ फुटला, झेंडूच्या माळा चढल्या, हळदकुंकू लागलं. आणि निघायच्या वेळी गोरक्षने दांडा ओढून पाहिला तर ब्रेक धरेना.

आता शेडांच्या ओळीत त्या दिवशी मिस्त्री मिळायचा कुठून? सगळ्यांचे पाने, पक्कडी, हातोडे पाटावर मांडून त्यांची पूजा झालेली. पूजेतलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. जयरामकडे ती अडचण नव्हती. त्याच्या घरात हत्यारांची पूजा बंद होऊन वीस-एक वर्षं झाली होती. दसरा त्याच्या वस्तीत दीक्षेचा दिवस. तो पांढरा शर्ट घालून विहारात निघाला होता आणि सभेच्या माइकला लागणारी वायर घ्यायला म्हणून शेडवर डोकावला होता. गोरक्षने त्याला पाहिलं आणि हाक मारली.

"जयरामभाऊ, देवासारखा आलास बघ. ब्रेक बघ ना जरा."

"देव नको म्हणू, मिस्त्री म्हण," जयराम हसून म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

त्याच्याकडे एक छोटा बल्ब होता, दोन तारा लावलेला. एक तार त्याने ट्रेलरच्या प्लगला लावली, दुसरी ट्रेलरच्या अंगाला. बल्ब लागेना. दुसरी तार जीपच्या अंगाला लावली, बल्ब लख्ख. ट्रेलरच्या हुकाला लावली, तर तांबूस, मरगळलेला उजेड. जयराम वाकून चासीखाली गेला आणि त्याला कळलं. कोंडाजीने तांब्याच्या पट्टीचा बोल्ट काढला होता, पट्टीही रंगवली होती, खालचं लोखंडही, आणि वाळल्यावर रंगावर रंग ठेवून बोल्ट आवळला होता. करंट जात होता, पण परतायला वाट नव्हती. हुकाच्या घासलेल्या कडीतून काय थोडाफार झिरपेल तेवढाच.

"आण्णा, पट्टी काढून खालचा रंग खरवडावा लागेल," जयराम म्हणाला. "दोन बोटं जागा. घटकाभराचं काम."

आण्णांचा चेहरा पडला. "आज? पूजा झालेल्या गाडीला कानस लावतो? दसऱ्याच्या दिवशी? नाय जमायचं. आज तिला हत्यार लागलं तर वर्षभर रडवेल."

"तार बांधून देतो म्हटलं तर हुकाची कडी सोडून उघडं लोखंड नखाएवढं ठेवलेलं नाही."

"मग ऱ्हाऊ दे. रिकामीच तर न्यायची हाय. उद्या-परवा गोरक्ष घेऊन येईल."

"रिकामी न्या," जयराम म्हणाला. "पण खरवडल्याशिवाय एक गोणी भरायची नाही. भरलेली असली तर हा ब्रेक नुसता नावाला आहे. गोरक्ष, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं भाऊ," गोरक्ष म्हणाला. कोंडाजीही तिथेच ब्रश पुसत उभा होता. त्यानेही ऐकलं.

आण्णा काही दुष्ट माणूस नव्हते, हे लिहून ठेवलं पाहिजे. पण कांद्याला भाव आला होता आणि भाव कुणासाठी थांबत नाही. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सडायच्या आत मार्केटला जायला हवा होता. दुसऱ्याच सकाळी ट्रेलर गच्च भरला. गोरक्षने म्हणे एकदा सांगून पाहिलं, पण मालकाला दोनदा सांगायची गावात रीत नसते. चांदवडच्या बाजूच्या उतारावर भरल्या ट्रेलरने जीपला मागून रेटत नेलं. गोरक्षने दांडा ओढला, जीपचा ब्रेक दाबला, सगळं केलं. जीप आडवी झाली, ट्रेलर तिच्यावर आला आणि गोरक्षचा उजवा पाय मधे सापडला. कांदा उतारभर गडगडत गेला. पाय मांडीपासून कापावा लागला.

जयरामला ही बातमी कळायच्या आधी तिचं कारण ठरून गेलं होतं. दसऱ्याच्या दिवशी पुजलेल्या गाडीच्या तारांना जयरामने हात घातला. आण्णा नको नको म्हणत होते, तरी घातला. आण्णांनी हे पहिल्यांदा कुठे म्हटलं ते कुणाला ठाऊक नाही. कदाचित त्यांना ते खरंच वाटलं असेल. आपल्याच हातून एका माणसाचा पाय गेला असं मानून जगायचं, त्यापेक्षा हे सोपं होतं. शेडांच्या ओळीत ते पोचेपर्यंत त्याला आणखी शेपटं फुटली. "देव न मानणाऱ्याच्या हातचं काम" असं कुणी तोंडावर म्हणालं, आणि जे तोंडावर म्हणत नव्हते ते काय म्हणत होते ते जयरामला न ऐकताच समजत होतं.

तो कोंडाजीकडे गेला. "कोंडाजी, तू उभा होतास. मी कानस लावलीच नाही, नुसता बल्ब लावला. सांग ना लोकांना."

कोंडाजी डब्यातला रंग ढवळत राहिला. "मी कशात पडत नाय, भाऊ. लहान माणूस मी."

तो दवाखान्यात गोरक्षकडे गेला. चांगुणाने डब्यात खिमट दिलं होतं. गोरक्ष पलंगावर पडलेला, पांघरूण एका बाजूला सपाट. जयराम म्हणाला, "गोरक्ष, तू तरी सांगशील ना, मी काय म्हणालो होतो?"

गोरक्षने छताकडे पाहिलं. "आण्णांनी पुंजाला जीपवर घेतलंय," तो म्हणाला. पुंजा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. "घर त्याच्यावर चालंल आता. मलाबी आण्णा वाड्यावर राखणीला ठेवणार हायेत." मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. जयरामने डबा खाली ठेवला आणि निघाला. त्याला राग आला नाही, हे खोटं. फार राग आला. पण सपाट पांघरुणावर रागवायचं कसं, हे त्याला कळेना.

गिऱ्हाईक एकदम तुटलं नाही. हळूहळू पातळ झालं. देवळा-सटाण्याकडचे ट्रॅक्टर आधी थांबले, मग टेम्पो. जयराम कारखान्यांच्या वसाहतीत घरांचं वायरिंग करायला लागला, पंखे बसवू लागला. शेड सोडली नाही, पण तिथे बसला की आपण कुणाची तरी वाट पाहतोय असं त्याला वाटायचं आणि त्याची लाज वाटायची. चांगुणा काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला जास्त लागलंय, एवढं त्याला कळत होतं.

दोन वर्षं गेली. पुन्हा दसरा आला. आदल्या दिवशी संध्याकाळी कोंडाजी आपणहून जयरामच्या शेडमध्ये आला आणि उभाच राहिला.

"आण्णांच्या गावी गेलतो," तो म्हणाला. "ट्रेलर रंगवायला. औंदा तिकडंच बोलावलं."

जयरामने मान वर केली नाही.

"पुंजा म्हणत होता, ब्रेक कधी धरतो, कधी नाय. दुसऱ्या मिस्त्रीनं ड्रमचे पोचे काढले, लायनर बदलले. ती पट्टी कुणी पायलीच नाय. मी सगळं उघडलं, आण्णांचा हुकूम. पट्टीपण. आण्णा पुढ्यात बसून होते. मी..." कोंडाजीने दाराकडे पाहिलं. "मी परत रंगावरच बोल्ट लावला, जयराम. खरवडतो म्हणालो असतो तर आण्णांनी इचारलं असतं, कशाला? मग मागचं पण माझ्यावर आलं असतं."

जयराम उठला. त्याने कोंडाजीची गचांडी धरली असती तर कुणी त्याला दोष दिला नसता. त्याने एवढंच विचारलं, "भरणार कधी?"

"परवा सकाळी."

रात्री जेवताना त्याने चांगुणाला सांगितलं. तिने ताटातला हात थांबवला. "जाऊ नका. ब्रेक लागला तर तो त्यांचा, नाही लागला तर तुमचा. एवढं अजून कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलंय."

"मग?"

"त्या पोराला दोन्ही पाय आहेत अजून," जयराम म्हणाला. सकाळी त्याने पांढरा शर्ट घातला, विहारात जाऊन वंदन केलं आणि कापडी पिशवीत पाना, कानस आणि तोच बल्ब घालून एस.टी. धरली.

देवळ्याला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. गाव सीमेवर सोनं लुटायला गेलं होतं. आण्णांच्या खळ्यात जीप आणि ट्रेलर, दोन्हींवर झेंडूच्या माळा. कडेला बाजेवर गोरक्ष बसला होता, कुबडी मांडीवर आडवी. खूप वाळला होता.

"जयरामभाऊ," तो म्हणाला आणि उठायला गेला, मग बसला. "बरं शे ना?"

"पट्टी खरवडायला आलोय. कुणी यायच्या आत होईल."

गोरक्षने ट्रेलरकडे पाहिलं, मग वेशीकडच्या रस्त्याकडे. "आजच्याच दिवशी? पुन्यांदा?"

"उद्या पुंजा भरणार आहे."

गोरक्ष कुबडी टेकत उठला, जीपपर्यंत गेला आणि सीटवर स्वतःला ओढून घेतलं. कधी काळी त्या सीटवर तो उडी मारून बसायचा. जयराम चासीखाली सरकला. बोल्ट काढला, पट्टी घासून तांबडी केली, खालचं लोखंड पांढरं होईपर्यंत कानस चालवली. निळ्या रंगाचे कपचे त्याच्या शर्टावर पडत होते. पट्टी ठेवली, बोल्ट आवळला, वरून दुसरा नट घट्ट बसवला. मग जीपमधला जॅक लावून एक चाक उचललं आणि हाताने फिरवलं.

"ओढ."

गोरक्षने दांडा ओढला. चाक जागीच थांबलं. जयरामने दोन्ही हातांनी जोर केला, तरी हलेना. त्याने मान काढून वर पाहिलं तर गोरक्ष दांडा धरून रडत होता. आवाज न करता, तोंड वाकडं करून.

"एवढंच होतं का रे?" गोरक्ष म्हणाला. "एवढंसंच?"

"एवढंच. आता वरून रंग दिला तरी चालेल. आधी रंग आणि मग बोल्ट, ही चूक. आधी बोल्ट आणि मग रंग, काही बिघडत नाही. फक्त हा पुन्हा उघडू देऊ नको. कधीच."

तेवढ्यात आण्णा आलेच. हातात आपट्याची पानं, मागे चार माणसं. जमिनीवरचे निळे कपचे त्यांनी पाहिले, जयरामच्या हातातली कानस पाहिली.

"परत? एक पाय घेऊन पोट नाय भरलं तुझं?"

जयरामने गोरक्षकडे पाहिलं. आता सांगेल, त्याला वाटलं. आता दांडा त्याच्या हातात आहे, चाक त्याच्या डोळ्यांसमोर थांबलंय. गोरक्षने दांडा सोडला. मान खाली घातली आणि आपल्या रिकाम्या धोतराकडे बघत राहिला.

"नीघ," आण्णा म्हणाले. कुणी अंगावर हात टाकला नाही, तेवढी सणाची बूज राखली. जयरामने पाना-कानस पिशवीत घातलं. खळ्याबाहेर पडताना त्याला आण्णांचा आवाज ऐकू आला. "रंगाचा डबा आण रे कुणी. नासवली ती जागा आत्ताच्या आत्ता झाका. आणि हिथून पुढं दसऱ्याला असो का दिवाळीला, ह्या गाडीचा एक बोल्ट कुणी खोलायचा नाय." जयराम क्षणभर थांबला. मग एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, भाऊ, काय झालं? त्याने सांगितलं, डोळ्यांत रंग गेला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. शेड टिकली, धंदा टिकला नाही. कोंडाजी वारला, त्याच्या जागी फोटो फ्रेम करणारा आला. चांगुणाला दमा लागला. जयरामचे केस गेले, चष्मा आला, आणि जुनी गोष्ट सांगणारे लोकही कमी झाले. पण गोष्ट राहिली. ती सांगायला आता जयराम कोण होता हे माहीत असण्याची गरज उरली नव्हती.

अशाच एका दुपारी, कांद्याच्या हंगामात, दारात जीप थांबली. मागे निळा-पिवळा ट्रेलर, काठोकाठ भरलेला. तिशीतला ड्रायव्हर उतरला. उंच, तोंडात पान. जयरामने ट्रेलर आधी ओळखला, मग गोरक्षच्या वळणाचा तो चेहरा: पुंजा.

"मिस्त्री, मागचा बल्ब गेलाय. बदलून द्या लगेच, मार्केटला जायचंय."

जयराम बल्ब घेऊन मागे गेला. काम झाल्यावर तो उगाच पुढे येऊन वाकला आणि चासीखाली हात घातला. बोट सरळ त्या जागेवर गेलं. दर दसऱ्याचा एकेक थर चढून बोल्टचं डोकं गोटीसारखं गुळगुळीत झालं होतं. आतली पट्टी दिसत नव्हती. नट जागेवर होता, घट्ट.

"ब्रेक कसा आहे?" त्याने विचारलं.

"एक नंबर," पुंजा म्हणाला. "आजवर दगा नाय दिला. घाटात भरून उतरवतो, चुंबकासारखी जागीच. त्याचं कारण हाय मिस्त्री. फार वर्सांमागं एकानं दसऱ्याच्या दिवशी पुजलेल्या गाडीला हत्यार लावलं, माझ्या भावाचा पाय गेला. तवापास्नं आण्णांनी नेम केलाय, त्या जागी कुणाला हात लावू द्यायचा नाय. म्हणून ब्रेक शाबूत हाय."

"भाऊ काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार. पण दर दसऱ्याला खळ्यात ट्रेलरपाशी बाज टाकून बसतो. पेंटर त्या बोल्टाजवळ गेला की कुबडी उगारतो. येडाच हाय त्या बाबतीत."

जयरामला काही बोलायचं होतं. इतकी वर्षं ते त्याच्या घशात होतं, आणि ऐकणारा आता समोर उभा होता, दोन पायांवर. सांगितलं असतं तर पुंजाने कदाचित विश्वासही ठेवला असता. मग खात्री करायला म्हणून त्याने तो बोल्ट उघडला असता.

"नेम चांगला आहे," जयराम म्हणाला. "मोडू नका. कुणालाच हात लावू देऊ नका तिथे."

पुंजाने मान डोलावली आणि गाडी काढली. कोपऱ्यावर सायकलवाला आडवा आला तेव्हा त्याने दांडा ओढला. भरलेला ट्रेलर जागच्या जागी उभा राहिला. जयराम दारात उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला, मग हाताला लागलेली धूळ पुसत आत गेला.